सावली नसलेला पाट

एका राज्यात, जिथे चिंचेच्या झाडांना गोड चिंचा लागत आणि लोक तरीही कुरकुरत, पद्मकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानशूर होता, प्रजेवर त्याची माया होती. अवगुण म्हणावा तर एकच. त्याला स्वस्तात वस्तू घेण्याचा भारी नाद. खजिन्यातल्या माणकांकडे तो ढुंकून पाहत नसे. पण बाजारात कुणालाही न कळलेली चीज आपण ओळखावी आणि मातीमोलाने घरी आणावी, त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जात. आठवडी बाजाराला तो माळ्याचा वेष करी, डोक्यावर भाजीची पाटी घेई आणि मागल्या दाराने बाहेर पडे. राणी कुमुद्वती म्हणे, या छंदापेक्षा शिकार बरी, निदान वाघाला ठाऊक असते की आपण शिकारीला आलात. राजा हसून सोडून देई.

एकदा भर दुपारी राजा बाजारात हिंडत होता. वडाच्या कडेला येसाई नावाची म्हातारी गोणपाट अंथरून बसली होती. पुढे फुटका रांजण, दोन पळ्या आणि जेवायला बसायचा एक जुना पाट. राजा पुढे जाता जाता थबकला. रांजणाची सावली पडली होती, पळ्यांची पडली होती, पाटाची पडली नव्हती.

बिनसावलीच्या झाडाचे लाकूड उडते, हे राजपुत्रांना धनुर्विद्येच्याही आधी शिकवतात. पाटावर बसावे, बोटाच्या पेराने तीनदा ठोकावे, जायचे ठिकाण बोलावे. राजाच्या छातीत धडधडू लागले. पण चेहरा त्याने आंबट ताक प्यायल्यासारखा केला, पाट उलटासुलटा केला आणि किंमत विचारली.

येसाईने पायलीभर जोंधळे सांगितले.

राजा म्हणाला की लाकूड जुने आहे. म्हणाला की पाय लंगडा आहे. शेवटी नखाने जरासे खरवडून म्हणाला, "आजी, याला तर वाळवी लागली आहे."

म्हातारीची नजर अधू. तिने हात फिरवून पाहिला, तिला काही कळले नाही. माणूस म्हणतो तर असेल, असे तिला वाटले. अर्ध्या पायलीवर सौदा आला. अर्ध्या पायलीत माझे काम होत नाही रे बाबा, असे ती पुटपुटली, तेव्हा राजाने मोठ्या उदारपणे पाटीतला एक दुधी भोपळा वर दिला आणि पाट काखेत मारून लगबगीने निघाला.

वेशीबाहेर येताच तो पाटावर बसला. तीनदा ठोकले. राजवाडा म्हणाला. पाट उडाला. खाली नदी चकाकत होती, घारी बाजूला सरून वाट देत होत्या, आणि अर्ध्या पायलीत हे सगळे मिळाले या आनंदाने राजाला गाणे सुचत होते.

तो वाड्याच्या चौकात उतरला. पहारेकऱ्याने त्याला ओळखले. "महाराज होय," असे म्हणून त्याने जांभई दिली आणि पुन्हा भिंतीला टेकला.

राजा दरबारात गेला. सिंहासनावर प्रधान धुंडिराजाने आपले ओले उपरणे वाळत घातले होते. राजाने जाब विचारला. प्रधान अदबीने म्हणाला की महाराज, इथे ऊन चांगले येते. आपण त्या कोपऱ्यात बसावे, तिथे कुणाला अडचण होणार नाही. राजा अंतःपुरात गेला. राणी कुमुद्वती फुलांना पाणी घालत होती. तिने मागे वळून पाहिले. "आलात का? ती घागर जरा सरकवा," ती म्हणाली.

राजाने घागर सरकवली आणि मग त्याला घाम फुटला.

सगळे त्याला ओळखत होते. तो राजा आहे, हे कुणी नाकारत नव्हते. फक्त त्यात विशेष ते काय, हे कुणाला आठवत नव्हते. त्याने हुकूम दिला की लोक मान डोलावत आणि आपापल्या कामाला लागत. आचारी त्याला काल उरलेले वाढी. भाटाने त्याची बिरुदावली दोन शब्दांत आटोपली.

राजाची किंमत उतरली की राज्याचीही उतरते. शेजारच्या दुर्धर राजाचे या राज्यावर कित्येक वर्षे डोळे होते. इथल्या नद्या, इथले गहू, इथले डोंगर यांचे मोल त्याला पुरते ठाऊक होते. ही बातमी कानी जाताच तो स्वतः पालखीत बसून आला आणि प्रधानाला त्याने सहज विचारले, की हे राज्य विकायचे आहे काय.

प्रधानाने बराच विचार केला आणि पायलीभर जोंधळे सांगितले.

दुर्धराने भिंतीवरून हात फिरवला. खांब ठोकून पाहिला. तोंड वाकडे केले. मग अर्ध्या पायलीवर आणि एका दुधी भोपळ्यावर सौदा ठरला. पौर्णिमेला दुपारी माप टाकायचे, शिक्का मारायचा, असे ठरले. दरबाराला भाव रास्त वाटला. दोघातिघांना तर जास्तच वाटला.

राजा धावत दुर्धराच्या पालखीपाशी गेला.

"राजा, या राज्याची खरी किंमत तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "माझ्या प्रधानाला या घडीला ती ठाऊक नाही. हा कुठला न्याय?"

"किंमत तुमच्या प्रधानाने सांगितली," दुर्धर म्हणाला. "मी कुणाच्या मानेवर तलवार ठेवली नाही. शिवाय खांबांना वाळवी लागलेली दिसते."

"वाळवी नाही लागलेली."

"सौद्यात असे म्हणायचेच असते," दुर्धर म्हणाला, आणि पालखी निघाली.

राजा बागेत जाऊन बसला. शेवग्याच्या फांदीवर एक भारद्वाज होता. तो बोलत असे, पण वायफळ बोलत नसे. त्याने राजाकडे पाहून मान लववली. राजाला भरून आले. मला मान देणारा तू एकटाच कसा, असे त्याने विचारले.

"पक्ष्यांना राजांची किंमत पहिल्यापासूनच बेताची," भारद्वाज म्हणाला. "त्यामुळे आम्हाला फरक जाणवला नाही."

भारद्वाजाने सांगितले की बाजारातला तो सौदा त्याने वडावरून ऐकला होता, आणि हा शाप पाटाचा आहे. पाट केला जटाशंख जादूगाराने. तो सात डोंगरांपलीकडे गुहेत राहतो. राजाने पाट घेतला, भारद्वाज त्याच्या खांद्यावर बसला आणि दोघे उडाले.

जटाशंख गुहेच्या तोंडाशी ढगांना गाठी मारत बसला होता. पाट पाहताच त्याने ओळखला. राजाने सगळी हकिगत सांगितली. वाळवीचा भाग तेवढा गाळला.

जादूगार म्हणाला, "या पाटावर माझा मंत्र आहे. जाणत्याने अजाणत्याकडून हा ज्या मोलाने घेतला, त्याच मोलाला जग त्याला तोलील. तुला किती तोलले?"

"अर्धी पायली. आणि भोपळा." राजाने मान वर केली. "पण महाराज, किंमत तिनेच सांगितली. मी चोरी केली नाही. लाकूड ओळखायला मी शिकलो, ती माझी विद्या. विद्येचे फळ घेऊ नये काय? मी घेतला नसता, तर कुणीतरी तो चुलीत घातला असता."

"विद्येचे फळ जरूर घे. उकिरड्यातून हिरा वेचणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण तिला दिसत नव्हते, आणि तुझ्या शब्दावरून ती खरे-खोटे ठरवीत होती. तू तिला काय सांगितलेस?"

राजा पाटाची कड चाचपू लागला.

"वाळवी," भारद्वाज म्हणाला.

 मग राजाने हळूच विचारले की पाट इतका मोलाचा होता, तर ज्यांना दिला त्यांना आपण तसे सांगितले का नाही. जटाशंखाने दाढीतून बोटे फिरवली. म्हणाला की म्हातारीच्या आजेसासूने उन्हाळ्यात त्याला ताक दिले होते, त्याबद्दल पाट दिला. सांगायचे होते. पण ताकात आले होते, हिंग होता, कोथिंबीर होती, आणि पिता पिता राहूनच गेले. त्याचे कान लाल झाले होते. पण शाप हा शाप. देणाऱ्यालाही तो मागे घेता येत नाही.

"उपाय एकच," तो म्हणाला. "बाजारांत हिंड, दारोदार हिंड. आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नसलेले तीन विक्रेते शोध. तिघांनाही ते पटवून दे. तिसऱ्याला पटले की शाप सुटेल."

"एवढेच?"

"तुझ्या शब्दाला आता अर्ध्या पायलीची किंमत आहे, हे विसरू नकोस," जटाशंख म्हणाला, आणि त्याने पुढच्या ढगाला गाठ मारली.

पहिल्या बाजारात एक गवळी म्हशीच्या गळ्यातली घंटा विकत होता. अगदी फुकटात. राजाने ती ओळखली. ती हरवल्याला घरी आणणारी घंटा होती. तिच्या नादाने हरवलेले जनावर कितीही दुरून परत येते. हातात घेताच राजाच्या तोंडाला जुन्या सवयीने आंबट आकार येऊ लागला. भारद्वाजाने त्याच्या कानाला चोच मारली. राजाने गवळ्याला खरे ते सांगितले.

गवळी हसला. त्याने आजूबाजूच्यांना बोलावून राजाला ते पुन्हा सांगायला लावले. तेही हसले. राजाने शपथ घेतली, त्यावर तर लोक खाली बसून हसले.

राजाला कळून चुकले की सांगून भागणार नाही. मग त्याने नुसते विचारले, की बाबा, तू ही का विकतोस? गवळी म्हणाला की ही वाजली की गावोगावची अनोळखी गुरे त्याच्या दारात येऊन उभी राहतात, आणि गाव त्याला चोर म्हणतो. राजाने विचारले, की ती गुरे कुणाची असतात? गवळ्याला ठाऊक नव्हते. बाजारातच एकाने सांगितले, की माझी तांबडी गाय हरवली होती ती याच्याच दारात सापडली. दुसऱ्याचा बैल. तिसऱ्याची शेळी, ती तर लांडग्याने नेली असे धरून घरचे रडूनही झाले होते. सगळी हरवलेलीच. गवळ्याने डोके खाजवले, घंटेकडे पाहिले, आणि ती झटकन कमरेला बांधली.

"विकायची नाही," तो म्हणाला. "आणि तू रे, इथे घुटमळू नकोस."

राजा निघाला. भारद्वाज म्हणाला की एक झाले. राजा म्हणाला की त्याने निदान पाणी तरी विचारायचे होते.

दुसऱ्या बाजारात एक न्हावी आरसा विकायला बसला होता. आरसा वाईट आहे, दाढी करून झाल्यावर दाखवला की गिऱ्हाईक भांडते, असे तो स्वतःच सांगत होता. राजाने आत डोकावले. वीस वर्षांनंतरचा पद्मकेतू कोपऱ्यात बसून घागर सरकवत होता. राजाने घाईने तोंड फिरवले. होणारे रूप दाखवणारा आरसा तो. असा आरसा पृथ्वीवर दुसरा नाही.

या वेळी तो काही सांगायच्या फंदात पडला नाही. त्याने न्हाव्याला विचारले, की दादा, आपण स्वतः यात पाहिलेत काय? न्हाव्याने पाहिले नव्हते. दिवसभर दुसऱ्यांची तोंडे पाहून त्याला आपले पाहायची हौस उरली नव्हती. त्याने आरसा तोंडासमोर धरला. आधी त्याला राग आला, कारण डोक्यावर केस नव्हते. मग तो जवळ गेला. आणखी जवळ गेला. 

"हे तर आमचे बाबा," तो म्हणाला.

त्याचे वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. तेच कपाळ, हनुवटीवर तीच खळी, डोळ्यांखाली तशाच सुरकुत्या. न्हावी आरशाशी काहीतरी हळू बोलला, ते राजाने ऐकले नाही. मग त्याने डोळे पुसले, आरसा धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि ताडकन उभा राहिला. म्हणाला की तुम्ही हा माझ्याकडून फुकापासरी घेणार होता. राजा म्हणाला की नाही. न्हावी म्हणाला की मग इतके निरखून पाहत का होता? त्याने आरडाओरडा केला, चार माणसे धावून आली, आणि राजाला पाटावर बसून घाईघाईने तीनदा ठोकावे लागले.

"दोन झाले," वर गेल्यावर भारद्वाज म्हणाला.

"खरे बोलण्यात इतकी धावपळ असते, हे मला ठाऊक नव्हते," राजा म्हणाला.

तिसऱ्या विक्रेत्याचा शोध सुरू झाला. पण राजाच्या मनात त्याचा शोध आधीच लागला होता, आणि तिकडे जायला त्याचा पाय उचलत नव्हता. पौर्णिमा उजाडली. तिकडे दरबारात दुर्धर आणि त्याचे लोक जोंधळ्यांचे पोते घेऊन पोचले. राजाने पाटावर ठोकले आणि येसाईचे घर, असे म्हटले.

येसाई अंगणात सूप घेऊन बसली होती. राजाचा आवाज तिने ओळखला. तो काही बोलायच्या आत तिनेच हात जोडले.

"बरा आलास बाबा," ती म्हणाली. "मला घास गोड लागत नव्हता. त्या पाटाचा पाय मोडला होता. मी खुंटी ठोकून बसवला होता, आणि तुला सांगितले नाही. मी तुला फसवले."

पद्मकेतूने लढाया पाहिल्या होत्या. एकदा तर एक पिसाळलेला हत्ती त्याच्या अंगावर आला होता. पण पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते त्याला त्या अंगणात कळले. तो मातीतच बसला.

येसाई म्हणाली की जोंधळे ती खाऊन बसली आहे, भोपळाही शिजवला, तेव्हा परत काय द्यावे हा विचार तिला पडला आहे. राजाने विचारले, की आजी, पायलीभरच का मागितले होतेत? अर्ध्यात काम होत नाही म्हणालात, ते काम कोणते? म्हातारीने सांगितले. तिची लेक गोदी घाटाखाली दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, सासरी बाईमाणूस कुणी नाही. गाडीवान तिथवर न्यायला पायलीभर जोंधळे मागत होता. अर्धी पायली आणि भोपळा तिने त्याच्यापुढे ठेवून पाहिला. भोपळ्यावर बैल चालत नाहीत, असे तो म्हणाला.

"चालत जाईन म्हटले, पण वाट दिसत नाही," ती म्हणाली. "कोण जाणे, आतापावेतो काय झाले असेल."

राजाने पाट पुढे ओढला. तो म्हणाला, "आजी, मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. माझ्या शब्दाला किंमत उरलेली नाही, आणि ते रास्तच आहे. वाळवी लागली आहे म्हणालो, ते खोटे होते. तुमच्या खुंटीहून माझे खोटे मोठे. आता माझे ऐकू नका, फक्त हात पुढे करा."

त्याने पाट आणि शेजारी तिचे सूप अंगणाच्या मधोमध उन्हात थोडा वेळ ठेवले. म्हातारीचा हात धरून आधी सुपाखालच्या मातीवर ठेवला. माती गार होती. मग पाटाखालच्या मातीवर ठेवला. येसाईने हात झटकन मागे घेतला.

"भाजले की रे," ती म्हणाली. तिने पुन्हा चाचपले. पाटाच्या कडेपासून मध्यापर्यंत माती सगळीकडे तापलेली. "याच्याखाली सावलीच नाही."

तिने पाटाच्या लाकडावर तळवा टेकवला. मग म्हणाली की सासूबाई सांगत, लग्नानंतर त्या या पाटावर पहिल्यांदा जेवायला बसल्या आणि चुकून पाट ठोकला, तर पाट हलला होता. सगळ्यांनी म्हटले, नवी नवरी घाबरली असेल.

राजाने विचारले, "किती वेळा ठोकला होता?"

"दोनदा," येसाई म्हणाली.

तिने पदर कमरेला खोचला आणि पाटावर मांडी घातली. राजा म्हणाला की आजी, घट्ट धरा. वर वारा असतो. येसाईने एकदा ठोकले, दोनदा ठोकले, क्षणभर थांबली, तिसऱ्यांदा ठोकले.

"गोदीकडे," ती म्हणाली.

पाट उचलला गेला. कोंबड्या पांगल्या. म्हातारी छपराच्या वर गेली, चिंचेच्या वर गेली, आणि तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. राजा मान वर करून तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला.

त्याच घटकेला दरबारात प्रधान धुंडिराज शिक्का उचलत होता. शिक्का हातात, हात हवेत, आणि त्याची नजर खिडकीबाहेर गेली. नदी दिसली. नदीकाठची गव्हाची शेते दिसली. आपण काय करतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याला बसायला आसन लागले. त्याने दुर्धराला सांगितले की सौदा मोडला आहे. दुर्धर म्हणाला की किंमत तुम्हीच सांगितली होती. प्रधान म्हणाला की होय, आणि आता मीच सांगतो आहे की पोते उचला. सेनापतीनेही तलवारीच्या मुठीवर हात ठेवून तेच सांगितले. दुर्धराने पोते उचलले.

राणी कुमुद्वतीच्या हातातली झारी गळून पडली. महाराज कुठे आहेत, असे तिने विचारले. कुणालाच सांगता येईना. मग ती अनवाणी वेशीपर्यंत गेली. पद्मकेतूजवळ आता पाट नव्हता, म्हणून तो पायी येत होता. धुळीने माखलेला, भुकेला, खांद्यावर भारद्वाज. वाटेतले लोक बाजूला सरून मुजरे करीत होते आणि तो खाली पाहून चालत होता. राणी त्याला पाहून रडली. मग रागावली. एवढे दिवस मी घागरी सरकवायला सांगत होते तर तोंड उघडून का बोलला नाहीत, असे तिने विचारले. राजा म्हणाला की घागर सरकवायला तशी हरकत नव्हती.

त्याने प्रधानाला बोलावले आणि फर्मावले, की घाटाखाली जाणाऱ्या वाटेवर गाड्या ठेवाव्यात, आणि लेकीकडे जाणाऱ्या आईकडून भाडे घेऊ नये. बाजारातही तो जात राहिला, पण माळ्याचा वेष त्याने सोडला. घेताना तो घासाघीस मात्र करी, अगदी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही. फक्त वस्तू काय आहे, ते आधी सांगे. त्यामुळे सौद्यांना फार वेळ लागू लागला, आणि बाजारकरी कुरकुरू लागले.

आणि येसाई? ती घाटाखाली उतरली, तेव्हा गोदीच्या घरातून नुकतेच रडे ऐकू आले होते. पाट तुळशीपाशी टेकला. जावई पाण्याचे हंडे घेऊन धावत होता, तो सासूला आकाशातून आलेली पाहून हंड्यासकट उभा राहिला. येसाई त्याला ओलांडून आत गेली. गोदी बाजेवर घामाने भिजून पडली होती. कुशीत मुलगी होती, लाल, मुठी आवळलेली.

"आई, तू कशी आलीस?" गोदीने विचारले.

"पाटावर बसून," येसाई म्हणाली.

गोदीने तिच्या गार पडलेल्या हातांना हात लावला. "एवढ्या वाऱ्यातून? अंगावर काही पांघरायचे तरी," ती म्हणाली, आणि तिने बाळ आईच्या ओंजळीत दिले. येसाईला नीट दिसत नव्हते. तिने बोटांनी नाक पाहिले, कपाळ पाहिले, कान पाहिले, आणि सगळे जागच्या जागी आहे, असे सांगितले.

असे ज्याचे होते ते त्याच्यापाशी पोचले. सांगणाऱ्याच्या घशाला कोरड पडली आहे. ऐकणाऱ्याने ताक आणावे, आणि आले-हिंग असेल तर तसे आधी सांगावे.